घरभाड्याच्या आणि कुळाच्या प्रकरणात चूक राहिली तर

ताब्याचं वॉरंट घेऊन बेलिफ धुऱ्यावर उभा राहतो, हुकूमनाम्यातला गट नंबर वाचतो आणि म्हणतो, “हे वावर तर ११२ आहे, माझ्या कागदावर १२१ लिहिलंय.” यवतमाळच्या कोर्टात वकिली करताना असा प्रसंग मी एकाहून जास्त वेळा पाहिला आहे. दावा खरा होता, साक्षीदार टिकले होते, निकालही बाजूने लागला होता. वादपत्र टाइप करताना उलटे पडलेले दोन आकडे मात्र सात-आठ वर्षांत कोणाच्याच नजरेला आले नव्हते. पक्षकाराने कागद वाचला नव्हता, कारण “वकीलसाहेबांनी लिहिलं म्हणजे बरोबरच असेल” असा त्याचा विश्वास होता. त्या विश्वासाची लाज राखायची असेल तर चुका कशा सापडतात, कुठे दुरुस्त होतात आणि कुठल्या दुरुस्त होतच नाहीत हे पक्षकाराला कळलं पाहिजे. हा लेख त्यासाठी लिहितो आहे. घरमालक, भाडेकरू, जमीनमालक, कूळ, सगळ्यांसाठीच.

सुरुवात नावा-आकड्यांपासून करू नका. आधी पाहा, कागद योग्य दारात पडला आहे का. आपल्या जिल्ह्यात ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिला इतिहासाचं कारण आहे. यवतमाळ हा वऱ्हाडाचा भाग, त्यामुळे इथे कायदे मुंबई-पुण्यापेक्षा वेगळ्या वाटेने आले. घरभाड्याला १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्यात भाडेकरूला घर सोडायची नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ती परवानगीची पायरी गेली. पण जुन्या नमुन्यावरून नवा अर्ज उतरवण्याची सवय गेली नाही. आजही भाडे नियंत्रकाच्या नावाने लिहिलेला मसुदा कोणी घेऊन येतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या माणसाने अर्जनवीसाला पैसे दिलेले असतात.

आजची वाट अशी आहे. यवतमाळातली खोली, वणीतला गाळा, पुसदचं गोदाम यांचा मालक-भाडेकरू वाद भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे दिवाणी न्यायालयात जातो. नागपूरसारख्या ठिकाणी लघुवाद न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दावा चालतो, आणि त्यावरचं अपील जिल्हा न्यायालयात. राहण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिलेल्या घराची मुदत संपली आणि परवानाधारक निघत नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हा रस्ता फक्त राहत्या घरासाठी आहे. दुकानाचा गाळा परवान्याने दिला आणि कलम २४ चा अर्ज टाकला, तर ती टंकलेखनाची चूक ठरत नाही, दारच चुकलेलं असतं. आणखी एक खातरजमा करा. हा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही. त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांनाच तो लागू आहे. गाव त्यात नसेल तर दावा मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर उभा करावा लागतो आणि वादपत्रातली अर्धी कलमं बदलतात.

शेताचं वेगळं. वावर मक्त्याने दिलं, ठोक्याने दिलं, बटईने दिलं आणि त्यातून ‘मी कूळ आहे’ असा हक्क कोणी सांगितला, की प्रश्न १९५८ च्या विदर्भ विभागाच्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याखाली तहसीलदारांकडे जातो. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९४८ चा कायदा चालतो. पुस्तकांच्या दुकानात आणि मोबाइलवर मिळणारे बहुतेक मसुदे त्या कायद्यावरचे असतात. त्यामुळे इथल्या अर्जात ‘कलम ७० ब’ आणि ‘कलम ३२ ग’ लिहून येतात. आपल्याकडे कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा तहसीलदारांचा अधिकार कलम १०० मध्ये आहे. कुळाकडे मालकी जाण्याच्या तरतुदी कलम ४६ आणि ४९ अ मध्ये आहेत, आणि त्यांच्या तारखा १ एप्रिल १९६१ व १ एप्रिल १९६३. मुंबईच्या कायद्यातला १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’ इथे लावला तर सगळा हिशेब कोसळतो. नुसता कलमाचा आकडा चुकला आणि अधिकाऱ्याला तो अधिकार दुसऱ्या कलमाने आहेच, तर अर्ज सहसा त्यावर मरत नाही. तरीही पहिल्याच तारखेला दुरुस्ती मागून मोकळं व्हावं. समोरचा वकील त्याच चुकीवर तीन तारखा काढू शकतो.

दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा चालू असताना प्रतिवादीने ‘मी कूळ आहे’ असं कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) म्हटलं, तर घाबरून दावा काढून घेऊ नका. तो मुद्दा ठरवायला दिवाणी न्यायालयाला विदर्भाच्या कुळकायद्याच्या कलम १२४ ने मनाई आहे, म्हणून कलम १२५ प्रमाणे तेवढा मुद्दा महसुली अधिकाऱ्याकडे पाठवला जातो आणि उत्तर येईपर्यंत दावा थांबतो. यात कोणाचीच चूक नाही. पण खरोखरच चुकीच्या न्यायालयात दावा पडला असेल, तर वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत मिळतं. प्रामाणिकपणे तिथे गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा करून मागता येतो. ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या कैफियतीतच समोरच्याने अधिकारक्षेत्राची हरकत घेतली असेल आणि तुम्ही तीन वर्षं ती वाचलीच नसेल, तर हे कलम फारसं साथ देत नाही.

आता कागदाच्या आतल्या चुका. पक्षकाराला मी नेहमी सांगतो की दाखल करण्याआधी वादपत्र मोठ्याने वाचून घ्या, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाकडून. डोळा ओळखीचं नाव न वाचताच पुढे जातो, कान जात नाही. जुन्या सातबाऱ्यावर आणि खरेदीखतावर आपल्याकडे ‘नामदेव वल्द तुकाराम’, ‘गंगाबाई जौजे नामदेव’ अशी नावं असतात, आडनावाशिवाय. आधार कार्डावर आडनाव असतं, बापाचं नाव कधी वेगळ्या वळणाने लिहिलेलं असतं. वादपत्रात यातलं एकच नाव आलं की पुढे ‘ही ती व्यक्तीच नव्हे’ असा वाद उभा राहतो. म्हणून सुरुवातीलाच दोन्ही नावं ‘उर्फ’ लावून लिहा. राहून गेलं असेल तर ते पक्षकाराचं चुकीचं वर्णन आहे. माणूस तोच असेल आणि समोरच्याचा गैरसमज झालेला नसेल, तर न्यायालयं अशी दुरुस्ती देत आली आहेत.

मिळकतीच्या वर्णनाला दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७ नियम ३ लागतो. मिळकत ओळखता येईल असं वर्णन, चतुःसीमा किंवा सर्व्हे क्रमांकासह, द्यावंच लागतं. शहरात आपल्याकडे नझूल शीट नंबर आणि प्लॉट नंबर असतो, नगरपालिकेचा घर क्रमांक वेगळा असतो आणि लोक हे दोन एकमेकांत मिसळतात. दोन्ही लिहा, कोणता कुठला आहे ते सांगून. भाड्याचा भाग इमारतीचा तुकडा असेल तर ‘पहिल्या मजल्यावरची दक्षिणेकडची दोन खोल्यांची जागा’ असं लिहून एक हातनकाशा जोडा. ताबा देताना बेलिफाला भिंत दिसली पाहिजे. शेतीत क्षेत्रफळ घोटाळा करतं. जुन्या कागदात एकर-गुंठे, नव्यात हेक्टर-आर. ३ एकर २० गुंठे म्हणजे ३.२० एकर नव्हे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ते साडेतीन एकर, म्हणजे सुमारे १.४२ हेक्टर. मी पाहिलेल्या क्षेत्रफळाच्या चुकांमध्ये ही एकच चूक सर्वांत जास्त वेळा आली आहे. गट क्रमांकापुढचं ‘/१अ’ आणि ‘/१ब’ सोडू नका, पोटहिस्से पडलेल्या गटात तेवढ्यानेच दुसऱ्या भावाचं शेत दाव्यात येतं.

तहसीलदारांकडच्या अर्जातही दोन्ही बाजूंची नावं, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, मिळकतीचं वर्णन, तक्रार कशी उद्भवली, कोणते कागद आणि कोणते साक्षीदार हे सगळं लागतं. ‘वय अंदाजे ६०’ लिहिलं म्हणून प्रकरण बिघडत नाही. गैरअर्जदाराचा पत्ता चुकला तर मात्र समन्स परत येतं आणि प्रत्येक परतीला एक-दोन महिने जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर माणूस शेतातच असतो, त्यामुळे घराबरोबर शेताचा पत्ताही द्या.

सही, अंगठा, सत्यापनाची तारीख, वकीलपत्रावर राहिलेलं नाव, कमी पडलेलं न्यायालयीन शुल्क हे दोष बहुधा भरून काढता येतात. दाखल करताना तपासणी कारकून हरकत काढतो तेव्हाच ते पूर्ण करा. दाखल होऊन क्रमांक पडला, की तो कागद तुमचा राहिला नाही. त्यावर पेन चालवायचं नाही. ओळखीच्या माणसाला सांगून फाइल मागवणं आणि एखादा आकडा ‘नीट’ करणं ही दुरुस्ती नव्हे, तो गुन्हा आहे. ज्याची बाजू खरी आहे त्याने असं केलं तर त्याची खरी बाजूही संशयात जाते. आपण असलं कधी करणार नाही असं बहुतेकांना वाटतं. फाइलवर एक शून्य कमी दिसलं की हात शिवशिवतो, म्हणून मी हे स्पष्ट लिहितो.

दुरुस्ती अर्जानेच होते. दिवाणी दाव्यात आदेश ६ नियम १७. तहसीलदारांकडे तेवढ्या औपचारिक नमुन्याची गरज नाही, पण अर्ज त्याच धर्तीचा द्यावा. अर्ज लहान असावा. कोणत्या परिच्छेदात, कोणत्या ओळीत, कोणत्या मजकुराऐवजी कोणता मजकूर, हे अक्षरशः लिहावं. ‘योग्य ती दुरुस्ती करावी’ अशा अर्जावर न्यायालय काय आदेश देणार? मी साधारण असं लिहितो:

“वादपत्राच्या परिच्छेद २ मधील तिसऱ्या ओळीत ‘गट नंबर १२१’ असा मजकूर टंकलेखनातील चुकीने आला आहे. त्याऐवजी ‘गट नंबर ११२’ असा मजकूर घालण्यास परवानगी द्यावी. हीच चूक परिच्छेद ७ मध्ये व विनंतीच्या कलम ‘अ’ मध्ये झाली आहे. दाव्यासोबत निशाणी ३ वर दाखल असलेल्या सातबाऱ्यावर गट नंबर ११२ असाच आहे. ही चूक वादीच्या लक्षात दिनांक … रोजी, सातबाऱ्याची ताजी प्रत घेताना आली. दुरुस्तीने दाव्याचे स्वरूप बदलत नाही आणि प्रतिवादीचे नुकसान होत नाही.”

यात सर्वांत मोलाचं वाक्य आहे चूक कधी आणि कशी लक्षात आली हे सांगणारं. १ जुलै २००२ पासून नियम १७ ला जोडलेल्या परंतुकामुळे, सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल तर पुरेशी काळजी घेऊनही ती आधी मागता आली नसती हे पटवावं लागतं. सरतपासणीचं शपथपत्र दाखल झालं की सुनावणी सुरू झाली असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं आहे. म्हणून शपथपत्राची तारीख पडली की त्याच्या आदल्या आठवड्यात वादपत्र, नोटीस आणि सातबारा एकमेकांशेजारी ठेवून पुन्हा वाचा. त्यानंतर सापडलेल्या चुकीला कारण द्यावं लागतं, आणि ‘वकिलांची नजरचूक’ हे कारण प्रत्येक न्यायाधीश प्रत्येक वेळी ऐकतोच असं नाही.

अर्ज मंजूर झाला की लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि इथेच दुसरा खड्डा आहे. मंजुरी मिळाली म्हणजे वादपत्र बदललं असं होत नाही. आदेशात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत, ती दुरुस्ती वादपत्रात प्रत्यक्ष करून घ्यावी लागते, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे लाल शाईने, ‘निशाणी अमुकवरील आदेशाप्रमाणे’ असं लिहून, सहीनिशी. प्रतिवादीलाही दुरुस्त प्रत द्यावी लागते, आणि त्याला वाढीव कैफियत द्यायची संधी मिळते. आदेश ६ नियम १८ सांगतो की वेळेत दुरुस्ती केली नाही तर न्यायालयाने मुदत वाढवल्याशिवाय ती करता येत नाही. आदेश मंजूर, वादपत्र जुनंच, आणि पुढे हुकूमनामाही जुन्याच वर्णनाचा, अशा फाइली मी पाहिल्या आहेत. रोजनाम्यात ‘दुरुस्ती केली’ अशी नोंद दिसेपर्यंत वकिलाला विचारत राहा. त्यात भीड नको.

शब्दाची चूक आणि दाव्याची चूक यांत फरक आहे. वादपत्रात ‘भाडेकरू’ लिहायचं की ‘परवानाधारक’, शेताच्या बाबतीत ‘मक्त्याने दिलं’ लिहायचं की ‘मजुरीने वाहायला दिलं’, हा भाषेचा प्रश्न नाही. त्या शब्दाबरोबर हक्क येतात. जमीनमालकाने स्वतःच्या दाव्यात सहज ‘मक्ता’ लिहिलं आणि समोरच्याने त्यावरच कूळ असल्याचा मुद्दा उभा केला, तर नंतर तो शब्द ‘टंकलेखनाची चूक’ म्हणून मागे घेणं फार अवघड जातं. कबुली मागे घेण्याला न्यायालयं सहज परवानगी देत नाहीत. म्हणून व्यवहार जसा झाला तसाच लिहा. कागद नसेल, सगळं तोंडी झालं असेल, तर ‘तोंडी’ लिहा. सोयीचा शब्द शोधू नका.

पक्षकार वगळला गेला किंवा चुकीचा आला, तर आदेश १ नियम १०. मालकाच्या चार भावांपैकी दोघांनीच दावा केला, भाडेकरूने जागा ज्याला दिली त्याला प्रतिवादीच केलं नाही, अशा वेळी हा उपयोगी पडतो. नवीन पक्षकार ज्या दिवशी आत येतो त्याच दिवशी त्याच्यापुरता दावा दाखल झाला असं मुदत कायदा कलम २१ धरतं. चूक प्रामाणिक होती हे पटलं, तर न्यायालय मूळ तारीख देऊ शकतं.

मृत्यूचं प्रकरण सर्वांत कडक आहे. दावा चालू असताना पक्षकार वारला तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. ते झालं नाही तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपुष्टात येतो, कोणाच्या आदेशाची वाट न पाहता. तो पुन्हा जिवंत करायला पुढचे ६० दिवस आणि त्यानंतर विलंब माफीचा अर्ज. आणि दावा दाखल करण्याच्या आधीच जो माणूस वारला होता त्याच्याविरुद्ध दावा झाला असेल, तर वारसाचा हा नियम लागतच नाही, वेगळा मार्ग काढावा लागतो. गावात कोणाचं निधन झालं हे वकिलाला कळत नाही. ते तुम्हालाच कळतं. समोरच्या पक्षकाराची तेरवी झाली असेल तर त्याच आठवड्यात वकिलाला सांगा, तारखेची वाट पाहू नका. भाडेकरू वारला तर त्याचे सगळे वारस घालण्याआधी भाडे नियंत्रण कायद्यातली ‘भाडेकरू’ची व्याख्या वाचा. राहत्या घरात, मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय कोण हे तिथे आधी पाहिलं जातं.

अर्जाने न सुटणारी चूक म्हणजे नोटीस. थकलेल्या भाड्यावरून घर खाली करायचं असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी मागणीची नोटीस बजावून ९० दिवस थांबावंच लागतं. नोटीसच दिली नाही, ८० व्या दिवशी दावा टाकला, किंवा नोटीस मयत भाडेकरूच्या नावाने गेली, तर वादपत्र कितीही दुरुस्त करा, पाया राहत नाही. मग औपचारिक दोष दाखवून आदेश २३ नियम १ खाली ‘नवा दावा करण्याच्या परवानगीसह’ दावा काढून घ्यायचा, नवी नोटीस द्यायची आणि नव्याने यायचं. ते चार शब्द अर्जात आणि आदेशात दोन्हीकडे असले पाहिजेत. परवानगी न घेता दावा काढला तर त्याच कारणावर दुसरा दावा करता येत नाही. पहिल्या दाव्यात गेलेला काळ मुदतीतून वजाही होत नाही. भाड्याची वसुली तीन वर्षांपुरतीच मागता येते, त्यामुळे इथे प्रत्येक महिना पैशांचा असतो. नोटिशीत १४ महिने आणि वादपत्रात १६ महिने थकबाकी, हा फरक मात्र सहसा समजावता येतो. दोन महिने नोटिशीनंतरचे आहेत एवढं वाक्य वादपत्रात हवं.

भाडेकरूच्या बाजूने सर्वांत महाग पडणारी चूक बेरजेची असते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत संपूर्ण थकबाकी, तिच्यावर दरसाल १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, आणि पुढेही नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. समजा भाडं महिना २,५०० आणि १६ महिने थकले. मुद्दल ४०,०००. एका महिन्याच्या भाड्यावर महिन्याचं व्याज ३१ रुपये २५ पैसे. सर्वांत जुना महिना सोळा महिने थकलेला आणि ताजा एक महिना, असं धरलं तर व्याज ४,२५० होतं. भरायचे ४४,२५० आणि शिवाय खर्च, शिवाय समन्सनंतर चढलेले महिने. हेच शेवटचे महिने लोक विसरतात. थोडी रक्कम कमी पडली तरी संरक्षण हातचं जाऊ शकतं, म्हणून मी हजारभर जास्तच भरायला सांगतो, आणि सोबतच्या पुरशिशीत (न्यायालयाला द्यायच्या लेखी निवेदनात) कोणत्या महिन्यापर्यंतचे पैसे आहेत ते लिहायला लावतो. कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यायची. कैफियतीत मुद्दा राहून गेला असेल तर धीर सोडू नका. कैफियतीच्या दुरुस्तीकडे न्यायालयं वादपत्रापेक्षा अधिक उदारपणे पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे सांगितलं आहे.

कधी कधी चूक आपल्या कागदात नसते, सातबाऱ्यातच असते. संगणकीकरणात नावं आणि क्षेत्रं चुकली, त्यांची दुरुस्ती अजून चालू आहे. लेखनदोष असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, सोबत जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची आणि फेरफाराची नक्कल. पण हे कलम लेखनातल्या चुकीपुरतं आहे. ‘इतर अधिकारात कुळाचं नाव चुकून आलं आहे, काढून टाका’ असा अर्ज कलम १५५ खाली देणं ही मोठी चूक आहे. कूळ होता की नव्हता हा हक्काचा प्रश्न कुळकायद्याखालीच ठरतो. दावा चालू असताना सातबारा चुकीचा असेल तर वादपत्र त्या चुकीला जुळवून घेऊ नका. ‘अभिलेखात अमुक अशी चुकीची नोंद असून दुरुस्तीचा अर्ज अमुक तारखेला दाखल आहे’ असं लिहा. नोंद खोटी ठरेपर्यंत ती खरी धरली जाते, म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी सुरू ठेवावी लागतात.

निकालातच चूक राहिली तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५२. लेखनाच्या आणि बेरजेच्या चुका, अनवधानाने राहिलेला शब्द, कधीही दुरुस्त करता येतो, अपिलाची मुदत गेल्यावरही. वावराच्या ज्या प्रसंगापासून मी सुरुवात केली तशा प्रकरणांत हाच दरवाजा आहे. मिळकतीचं वर्णन अपुरं राहिलेल्या हुकूमनाम्यालाही या कलमाचा आधार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. पण यातून निकाल बदलून मागता येत नाही. तहसीलदारांच्या आदेशात गट चुकला तर त्यांनाच लेखी दाखवा. आदेशाचा निष्कर्षच चुकीचा वाटतो तर तो दुरुस्तीचा विषय नाही. स्वतःच्या आदेशाचं पुनर्विलोकन करण्याचा अधिकार कायद्याने दिला असेल तरच असतो, हे तत्त्व १९७० पासून पक्कं आहे. मग विदर्भाच्या कुळकायद्याच्या कलम १०७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, पुढे कलम १११ खाली महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे, नागपूरला. दुरुस्तीच्या अर्जावर तारखा घेत बसलात आणि तेवढ्यात अपिलाची मुदत गेली, असं होऊ देऊ नका. शंका असेल तर दोन्ही टाका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतल्या कोलाम आणि गोंड बांधवांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे. त्यांच्या जमिनीच्या प्रकरणात तर मूळ मालक आदिवासी होता का, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे, कारण तिथे वेगळे कायदेही लागू होतात.

निकालाची नक्कल हातात आली की घरी नेऊन कपाटात ठेवू नका. त्याच संध्याकाळी खाट अंगणात घ्या, एका हातात नक्कल, दुसऱ्या हातात सातबारा किंवा करारनामा, आणि नाव, गट, क्षेत्र, चारही सीमा, रक्कम, तारीख यांवर बोट ठेवत जा. जुळलेल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बारीक खूण करा, अर्थात झेरॉक्सवर. खूण न झालेली ओळ दुसऱ्या दिवशी वकिलाला दाखवा.